पंखावरचा बर्फ आणि ‘नादुरुस्त’ची चिठ्ठी

९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमधील कास्काव्हेल येथून साओ पाउलोनजीकच्या ग्वारुल्योस विमानतळाकडे निघालेले एटीआर ७२ जातीचे प्रवासी विमान विन्येदो गावातील घरांच्या आवारात कोसळले आणि त्यातील ६२ जण जागच्या जागी मृत्यू पावले. आकाशातून गरगरत, जवळजवळ सरळ खाली येणाऱ्या त्या विमानाची दृश्ये साऱ्या जगाने पाहिली. पुढे महिन्याभरात ब्राझीलच्या अपघात-अन्वेषण केंद्राने प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात जे आले ते त्या दृश्यांपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे. पंखांवरील बर्फ काढून टाकणारी यंत्रणा सुरू करताच तीत बिघाड असल्याचा इशारा मिळाला व वैमानिकांनी तसा उल्लेखही केला. यंत्रणा बंद झाली, पुन्हा सुरू झाली; असे तीन वेळा घडले. वेग घटल्याचे, विमानाची कार्यक्षमता खालावल्याचे, वेग वाढवा असे सांगणारे इशारे एकापाठोपाठ एक आले. ‘पुष्कळ बर्फ आहे’ अशा अर्थाचे सहवैमानिकाचे उद्गार ध्वनिमुद्रित झाले आहेत. पहिला इशारा आणि शेवट यांच्यामध्ये तासाभराहून अधिक काळ गेला होता. त्या दिवशी त्या मार्गावर १२ हजार ते २१ हजार फुटांच्या पट्ट्यात तीव्र बर्फ साचण्याचा अंदाज आधीच वर्तविण्यात आला होता. विमान त्याच पट्ट्यातून चालले होते.

प्राथमिक अहवालाचे काम घडलेल्या गोष्टी नोंदविण्याचे असते, दोष ठरविण्याचे नव्हे. म्हणून कोणावर ठपका ठेवण्याचा आमचा विचार नाही. तथापि एक प्रश्न त्या अहवालातून आपोआप उभा राहतो. बर्फ काढण्याची यंत्रणा बिघडली असेल तर काय करावे हे निर्मात्याच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेले असते: बर्फाच्या क्षेत्रातून बाहेर पडा आणि पुन्हा त्यात शिरू नका. नियम इतका सोपा असताना माणसे त्याच क्षेत्रात तासभर कशी राहतात?

आमच्या वाचकांपैकी काहींना वाटेल की बर्फ ही थंड मुलखाची कटकट. गोव्याच्या, बेळगावच्या माणसाला तिच्याशी काय कर्तव्य? ब्राझीलही काही हिमप्रदेश नव्हे. जमिनीवर माणूस घामाने निथळत असला तरी वर चढत गेले की एका उंचीवर तापमान शून्याखाली उतरतेच. आपल्याकडे पावसाळ्यात ही उंची साधारण १६ ते १८ हजार फुटांच्या आसपास असते, आणि एटीआरसारखी विमाने नेमकी याच उंचीच्या आगेमागे उडतात. हे विमान आपल्या भागात परकेही नाही. कोल्हापूर, बेळगाव यांसारख्या लहान विमानतळांना मोठ्या शहरांशी जोडण्याचे काम त्याने केले आहे, आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपीवर पहिली प्रवासी सेवा आली तीही याच जातीच्या विमानाने.

ढगातील पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्याखालीही कित्येकदा द्रवरूपच राहतात आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आदळताक्षणी गोठतात. बर्फाच्या वजनाने विमान खाली येते अशी सर्वसामान्य समजूत असते. ती अर्धीच खरी. खरा घात होतो तो पंखाचा आकार बिघडल्याने. पंखावरून हवा ज्या रेषेने वाहावी तीच बदलते. खरखरीत सँडपेपराइतका पातळ थर पंखाच्या कडेवर व वरच्या बाजूस बसला तर उचल ३० टक्क्यांपर्यंत घटते व हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढतो, असे विमानशास्त्र सांगते. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला तो थर दवासारखा वाटावा!

मोठी जेट विमाने इंजिनातील गरम हवा पंखाच्या कडेत खेळवतात आणि बर्फाच्या पट्ट्यातून झपाट्याने वर निघून जातात. लहान विमानांच्या इंजिनात इतकी गरम हवा देण्याची ऐपत नसते. त्यांच्या पंखांच्या कडेला रबरी आवरण बसवलेले असते, त्याला वैमानिक मंडळी ‘बूट’ म्हणतात. त्यात हवा भरली की ते फुगते व वर बसलेला बर्फ तडकून उडून जातो. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील गुडरिच कंपनीने ही युक्ती प्रचारात आणली आणि मूलतः तीच आजही वापरात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये निघालेली टीकेएस ही दुसरी पद्धत. तीत पंखाच्या कडेतील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून न गोठणारा द्रव पाझरत राहतो. रबर फाटते, झडपा अडकतात, छिद्रे बुजतात, द्रव संपतो. म्हणजे ज्या विमानांना बर्फातच अधिक काळ काढावा लागतो, त्यांच्याजवळची साधने मात्र अधिक नाजूक, अशी ही विपरीत व्यवस्था आहे.

आता नियमांकडे वळू. विमानातील एखादे उपकरण बिघडले की विमान उभेच करावे, असा दंडक कोठेही नाही, आणि नसावा हेही आम्ही मान्य करतो. वाचण्याचा एक दिवा गेला म्हणून सत्तर प्रवासी खोळंबून ठेवण्यात शहाणपण नाही. म्हणून प्रत्येक जातीच्या विमानासाठी ‘किमान उपकरणांची यादी’ असते. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तिला मंजुरी देते. कोणते उपकरण बंद असताना, कोणत्या अटीवर आणि किती दिवस उड्डाण करता येईल हे त्या यादीत ठरवलेले असते. दुरुस्तीची मुदत उपकरणाच्या महत्त्वानुसार ३ दिवस, १० दिवस किंवा १२० दिवस अशी दिली जाते. पंखावरील बर्फ काढणारी यंत्रणा बंद असेल तर अट अशी: बर्फ असल्याचे ठाऊक असलेल्या किंवा तसा अंदाज असलेल्या हवेत विमान नेऊ नये. अमेरिकेत ज्या छोट्या खाजगी विमानांना अशी यादीच नसते, त्यांच्यासाठी आणखी सुटसुटीत सोय आहे. उड्डाणास अनिवार्य नसलेले बिघडलेले उपकरण बंद करून त्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी चिकटवावी, धोका नाही असे ठरवावे आणि निघावे.

कागदावर यात काहीच खोट दिसत नाही. पण ‘ठाऊक असलेल्या किंवा अंदाज असलेल्या’ या शब्दांवर क्षणभर थांबावे. ढग ही काही रेल्वेच्या फाटकासारखी वस्तू नव्हे, की उघडे की बंद ते दुरून दिसावे. अंदाज हा विस्तीर्ण क्षेत्रासाठी असतो. वैमानिकाला भेटतो तो एक विशिष्ट ढग. शिवाय ‘फार नाही, थोडाच बर्फ’ असे स्वतःला समजावणे माणसाला नेहमीच सोपे जाते, विशेषतः पलीकडे उतारू ताटकळत असतील आणि कचेरीतून विलंबाचा जाब विचारला जाणार असेल तर. मुळात ही यादी एकेका बिघाडाचा सुटा विचार करते. विमानात मात्र काहीच सुटे नसते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅनडातील ड्रायडनचे. १० मार्च १९८९ रोजी एअर ओंटारिओचे फोकर एफ-२८ विमान थंडर बे येथून विनिपेगला जाताना वाटेत ड्रायडनला थांबले. त्याच्या शेपटीतील साहाय्यक वीजसंच काही दिवसांपासून बंद होता, आणि तो बंद ठेवून उडण्यास नियमाने मुभा होती. त्या संचाचा बर्फाशी काय संबंध? संबंध असा, की ड्रायडनला इंजिन पुन्हा सुरू करून देणारे साधन नव्हते, म्हणून एक इंजिन चालूच ठेवावे लागले. आणि इंजिन चालू असताना पंखांवर बर्फनिवारक द्रव फवारण्यास मनाई होती. बाहेर हिमवृष्टी चालू होती. पंख साफ न होताच विमान निघाले, धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळले, आणि ६९ पैकी २४ जण दगावले. प्रवाशांत दोन वैमानिक होते. पंखांवरचा बर्फ त्यांना दिसला होता; विमान चालवणाऱ्याला ठाऊक असेलच, असे मानून ते गप्प राहिले. न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांच्या आयोगाने १९९२ मध्ये जो अहवाल दिला त्यात १९१ शिफारशी होत्या. वैमानिकाची चूक झाली असे म्हणून फाइल मिटवणे आयोगाला सहज शक्य होते. त्याने कंपनीची घाई, सरकारी देखरेखीचा ढिलेपणा आणि परस्परविसंगत नियम या सर्वांचा धागा उलगडून दाखवला. चौकशी कशी असावी याचा हा अहवाल वस्तुपाठ आहे, आणि आमच्याकडील चौकश्यांशी त्याची तुलना करण्याचा मोह आम्ही येथे आवरता घेतो.

यंत्रणा धडधाकट असली म्हणजे भागते, असेही नाही. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी शिकागोकडे जाणारे एटीआर ७२ विमान विमानतळावरील गर्दीमुळे अर्ध्या तासाहून अधिक काळ गोठणाऱ्या तुषारांत घिरट्या घालत राहिले. बूट काम करीत होते, पण बर्फ साचला तो बुटांच्या मागे, जेथे त्यांची पोच नव्हती. इंडियाना राज्यातील रोझलॉन येथे ते पडले व ६८ जण ठार झाले. डिसेंबरमध्ये अमेरिकन सरकारने एटीआर विमानांना बर्फाच्या हवेत उडण्यास बंदी केली, जानेवारी १९९५ मध्ये ती अटींवर उठवली, आणि मग बूट अधिक रुंद करण्यात आले. पुढे ९ जानेवारी १९९७ रोजी मिशिगनमध्ये एम्ब्रेअर १२० जातीचे विमान पडून २९ जण गेले. येथे बूट सुरूच केले गेले नव्हते. का? तर बर्फाचा थर पाव ते अर्धा इंच जाड होईपर्यंत थांबावे, लवकर फुगवल्यास बर्फाची कमान तयार होते व बूट आतल्या आत निरुपयोगी फुगत राहतो, असे पिढ्यानपिढ्या शिकवले गेले होते. जुन्या बुटांविषयी असेलही ते खरे. नव्या बुटांना ते लागू नव्हते. पण पुस्तिकेतील ओळ कोणी खोडली नव्हती. बर्फाच्या हवेत शिरताच बूट सुरू करा, असा इशारा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला २००८ च्या डिसेंबरातही द्यावा लागला, यावरून चुकीच्या नियमाचे आयुष्य किती चिवट असते ते दिसून येते.

त्याहून लहान विमानांची कथा वेगळी नाही. टपाल व माल नेणारे सेस्ना कॅरॅव्हॅन हे एका इंजिनाचे विमान बर्फात वारंवार सापडू लागले तेव्हा २००५ मध्ये अमेरिकेत आदेश निघाला, की गोठवणाऱ्या हवेत उड्डाणापूर्वी पंखाला हाताने स्पर्श करून बर्फ नसल्याची खात्री करावी. एवढ्या यंत्रयुगात शेवटी भरवसा ठेवला गेला तो माणसाच्या तळहातावर! आणि तरी ६ फेब्रुवारी २०२५ रोजी अलास्कात बेरिंग एअरचे कॅरॅव्हॅन समुद्रावरील बर्फावर कोसळले, आतील दहाही जण मृत. बर्फाच्या हवेत उडण्यासाठी जी वजनमर्यादा आखून दिलेली आहे, तिच्यापेक्षा विमानाचे वजन सुमारे १ हजार पौंडांनी जास्त होते, असे प्राथमिक चौकशीत आढळले. कॅनडातील फाँ-द्यु-लाक येथे डिसेंबर २०१७ मध्ये एटीआर ४२ पडले, त्या विमानतळावर बर्फ काढण्याचे साहित्य म्हणजे दोन शिड्या, एक हातफवारा आणि द्रवाचा एक डबा! वैमानिकांनी तेही वापरले नाही. ज्या विमानतळावर विमान न्यायचे, तेथे ते साफ करण्याची सोय आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे तेथे जणू कोणी ठरवलेच नव्हते.

लहान विमानांचा धंदा तोट्या-नफ्याच्या काठावर चालतो, हे आम्ही जाणतो. एक विमान तीन दिवस उभे राहिले तर चिपीसारख्या ठिकाणची सेवाच त्या आठवड्यात बंद पडते, आणि मग ओरड करणाऱ्यांत आम्हीही असतो. ब्राझीलच्या त्या कंपनीची सर्व उड्डाणे मार्च २०२५ मध्ये सरकारी संस्थेने थांबवली. अपघातानंतर सात महिन्यांनी.

आपल्याकडे पंखावरील बर्फाने एखादा मोठा अपघात होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. बर्फ काढणारी यंत्रणा बंद असलेले विमान जून ते सप्टेंबर या महिन्यांत ढगांच्या मार्गावर पाठवायचे की नाही, हा निर्णय एकट्या कप्तानाच्या गळ्यात न घालता उड्डाण-नियोजकाच्या लेखी संमतीशिवाय घेता येऊ नये. तोच बिघाड एका महिन्यात दुसऱ्यांदा झाला, तर दहा दिवसांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची सवलत मिळू नये. दुरुस्त केले, पुन्हा बिघडले, पुन्हा दहा दिवस, असे होत राहिले तर कागदावर एकही नियम मोडला जात नाही आणि यंत्रणा हंगामभर बंद राहते. ‘नादुरुस्त’च्या चिठ्ठ्यांची नोंद कंपन्यांकडे असतेच, तपासणी करणाऱ्या महासंचालनालयाला ती पाहताही येते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रादेशिक मार्गांवरील किती विमाने अशा चिठ्ठीसह उडाली, हा आकडा वर्षातून एकदा प्रसिद्ध करावा. त्यासाठी ना नवा कायदा लागतो ना नवे यंत्र.