तेलाची पूड : दिसते कोरडी, पण...

बशीत पांढरी, पिठीसाखरेसारखी पूड. चिमूटभर जिभेवर ठेवली की क्षणात विरघळते आणि तोंडात चक्क ऑलिव्ह तेल पसरते! स्पेनमधल्या रोझेस गावाजवळच्या 'एल बुल्ली' या उपाहारगृहाने, त्याच्या फेरान आद्रिया या बल्लवाचार्याने असे प्रयोगशाळेला शोभतील असे पदार्थ जगभर गाजवले. ते उपाहारगृह २०११ मध्ये बंद झाले, पण ही तंत्रे आता हौशी स्वयंपाकघरांतही पोहोचली आहेत.

यात जादू नाही. 'टॅपिओका माल्टोडेक्स्ट्रिन' नावाचा पदार्थ ही किमया करतो. टॅपिओका म्हणजे कसावा या कंदाचा स्टार्च. आपला साबुदाणा त्याचाच. स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून आखूड केल्या की माल्टोडेक्स्ट्रिन मिळते. या कामासाठी ते अगदी हलके आणि सच्छिद्र बनवलेले असते, इतके की मोठा डबा भरला तरी वजन जेमतेम. व्यायामशाळेतल्या डब्यांतले साधे माल्टोडेक्स्ट्रिन त्यामानाने जड असते, त्यात हा प्रयोग नीट जमत नाही. साधारण ६० ग्रॅम तेल आणि ४० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन मिक्सरमध्ये फिरवले की तेल त्या छिद्रांत शिरून बसते आणि हाताला पूड कोरडी लागते. तेल गोठत नाही, बदलतही नाही, फक्त लपते. पाणी किंवा लाळ लागली की माल्टोडेक्स्ट्रिन विरघळते आणि तेल मोकळे होते. म्हणूनच ही पूड आमटीवर भुरभुरण्यात अर्थ नाही.

खरा घोटाळा इथेच होतो. कोरडे म्हणजे 'बिनतेलाचे' अशी डोळ्यांची समजूत असते. हिशेब मात्र वेगळा आहे. एका ग्रॅम तेलात ९ आणि माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये ४ कॅलरी. म्हणजे वरच्या प्रमाणातल्या १०० ग्रॅम पुडीत सुमारे ७०० कॅलरी. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम तेलाचे ४५. तेच तेल पुडीच्या रूपात खाल्ले तर साधारण ५८. वरचे १३ पिष्टाचे, जे तेलाच्या चमच्यात नव्हतेच. पूड हलकी असल्याने चमच्यात कमी मावते हे खरे, पण मग तेलाची चवही तेवढीच कमी.

आपल्याकडे हा चकवा नवा नाही. शेंगदाण्याची सुकी चटणी कोरडी दिसते, प्रत्यक्षात शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. तेल कमी करायचे म्हणून फोडणी आखडती घेणारे कितीतरी जण चटणी मात्र मूठभर घेतात!

मधुमेहींनी माल्टोडेक्स्ट्रिन हा शब्द लक्षात ठेवावा. चवीला ते फारसे गोड नसते, पण आतड्यात त्याचे झटपट ग्लुकोज होते आणि रक्तातील साखर जवळपास ग्लुकोजइतक्याच वेगाने चढू शकते. पुडीतले तेल हा वेग थोडा मंदावते. सजावटीपुरत्या चिमटीने काही बिघडत नाही. काळजी आहे ती बाजारातल्या पाकिटांची. पूरक आहाराच्या भुकट्या, सूपची पाकिटे, चटपटीत मसाले यांत ते सर्रास असते. पोषणतक्त्यात ते 'शर्करा' या ओळीत सहसा दिसत नाही, एकूण कर्बोदकांत धरले जाते. त्यामुळे 'साखर घातलेली नाही' असे छापलेला डबाही साखर वाढवू शकतो. तो उलटा करून घटकांची यादी वाचावी. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर त्याचे प्रमाण बरेच आहे असे समजावे.

घरी हौस म्हणून करून पाहायचेच असेल, तर तेल ताजे आणि ठसठशीत चवीचे घ्यावे. तिळाचे किंवा मोहरीचे छान लागते. पूड गरम पदार्थावर टाकू नये, विरघळून चिकट गोळा होतो. शिवाय पुडीत तेलाचा हवेशी संपर्क वाढतो, त्यामुळे ते लवकर खवट होते. लागेल तेवढीच करावी आणि त्याच दिवशी संपवावी.