कल्पनेला कारागीर लागतो

नवउद्योगांविषयीच्या आजच्या चर्चेत कल्पनेला फार वरचा पाट मिळतो. एखाद्याला काही भन्नाट सुचते, तो महत्त्वाकांक्षेच्या बळावर ते तडीस नेतो आणि उद्योग उभा राहतो, असे आपण समजून चालतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचे काम या समजुतीत बसत नाही. चित्रपट काढण्याची कल्पना त्यांची नव्हती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्येच पडद्यावर आला होता. तो पाहून आपणही चित्रपट काढावा, असे वाटायला कुणाची आडकाठी नव्हती. पण १९१८ च्या सुमारास स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचली ती कोल्हापुरातली बाबूराव आणि त्यांच्या साथीदारांची चित्रकार मंडळी.

हे त्यांनाच का जमले, याचे उत्तर त्यांच्या आधीच्या कामात सापडते. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री, आणि हातकाम घरातच होते. आतेमामे भाऊ आनंदराव आणि ते नाटकांचे पडदे रंगवत, त्यामुळे देखावा आणि उजेड यांची जाण पक्की झालेली. आनंदराव १९१६ मध्ये गेले. पुढे विष्णुपंत दामले या शिष्याच्या साथीने बाबूरावांनी कॅमेऱ्याचे काम पुरे केले. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म चौकटीएवढी सरकते, क्षणभर थांबते, तिच्यावर प्रकाश पडतो आणि ती पुन्हा सरकताना झडप मिटते. सेकंदाला अनेकदा हे घडावे लागते. दात्यांमध्ये किंचित ढिलाई राहिली, तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. इथे कल्पनाशक्तीपेक्षा कानस धरलेल्या हाताची कसोटी लागते. जोडीला गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला, शाहू महाराजांचा आश्रय लाभला, आणि १९२० मध्ये बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट झळकला.

हा शोध कसला, परदेशी यंत्राची नक्कलच ती, असा आक्षेप घेता येईल. कॅमेऱ्याचे तत्त्व बाहेरचे होते, हे खरेच. पण यंत्र विकत घेणारा ते चालवायला शिकतो. घडवणारा ते का बिघडते आणि त्यात काय बदलता येते, हेही शिकतो. पुढे बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे नेपथ्य उभे केले, ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपली आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जाने नागवलेला शेतकरी पडद्यावर आणला. नकलेपाशी थांबलेल्या माणसाकडून हे झाले नसते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एवढे करून कोल्हापूरच्या हाती काय राहिले? कॅमेऱ्यांचा कारखाना निघाला नाही. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे सहकारी बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले, सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली, आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. महाराष्ट्र फिल्म कंपनीही टिकली नाही. व्यवसाय म्हणून हे अपयशच. मात्र कंपनी मोडली तरी तिथे तयार झालेली माणसे मोडली नाहीत. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल यांनीच. चांगल्या उद्योगातून माणसे निघून जाणारच. ती जाताना काय शिकून जातात, हे महत्त्वाचे.

आजच्या कोल्हापूरला यातून व्यवहाराची गोष्ट घेता येईल. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये धातूची नस ओळखणारे लोक आहेत. आजचा नवउद्योग सॉफ्टवेअरचा, आणि सॉफ्टवेअरला कारखाना लागत नाही, असे तरुण उद्योजक म्हणतील. पण ओतकामात कास्टिंग कुठे आणि का सदोष निघते, हे ठाऊक नसलेल्या प्रोग्रामरने केलेले सॉफ्टवेअर फाउंड्रीच्या काय कामाचे? म्हणून नव्या कल्पनांच्या स्पर्धा भरवण्याइतकाच खर्च प्रोग्रामर आणि मोल्डर यांना वर्षभर एका शेडखाली काम करू देण्यावर व्हायला हवा. त्यांच्या पहिल्या यंत्राला बाजारात गिऱ्हाईक मिळाले नाही, तरी दुसरे घडवणारे हात गावात तयार झालेले असतील.