पिसांविना ऊब

खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरील दौंड तालुक्यातले गाव. येथे थंडी बेताचीच. पौष-माघातील पहाट एका गोधडीवर निभावते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरावयाचे, कडा दुमडावयाच्या आणि धावदोऱ्याने सारे एकजीव करावयाचे, ही विद्या या भागातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हेच गोधडीचे मर्म आहे. डोंगरावर वापरण्याच्या जॅकेटचे मर्मही तेच.

आज व्यापारी कुटुंबांना अशा वस्त्राची गरज वरचेवर पडते. कोणी बद्रीनाथकडे निघते, कोणाची मुले थंड देशांत शिकावयास जातात. सम्मेद शिखरजीची वंदना तर पहाटेपूर्वी अंधारातच सुरू होते. पारसनाथचा डोंगर १,३६५ मीटर उंच. चढ, टोंकांची वंदना आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरांची वाट. निघताना हुडहुडी भरते आणि उन्हे वर येताच घाम फुटतो. अशा वेळी दुकानातून जॅकेट आणले जाते. पण त्याच्या पोटात काय भरले आहे, हे क्वचितच पाहिले जाते.

महागड्या जॅकेटांत बहुधा ‘डाउन’ असते, म्हणजे बदकांच्या वा हंसजातीय पक्ष्यांच्या छातीवरील मऊ लव. दिगंबर मुनींची पिच्छी मोराने आपणहून गाळलेल्या पिसांची असते. डाउनचे तसे नाही. बाजारातील बहुतेक डाउन मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांचे असते. काही ठिकाणी ते जिवंत पक्ष्याच्या अंगावरून उपटले जाते. पंचेंद्रिय जीवाच्या या वेदनेत आपला वाटा नको, असे ज्या श्रावक-श्राविकांना वाटते, त्यांनी आतील पट्टी अवश्य वाचावी. ‘डाउन’, ‘फेदर’, ‘गूज’ किंवा ‘डक’ यांपैकी एखादा शब्द आढळला, तर भरण पिसांचे आहे असे समजावे.

दुसरा मार्ग घरच्या शिलाई यंत्रावर आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील ‘फ्रॉस्टलाइन’ ही संस्था कापलेले कापड, चेन, धागा आणि मोजून भरलेल्या पिसांच्या पुड्या घरोघरी पाठवीत असे; लोक त्यांतून स्वतःची जॅकेटे शिवीत. तसा संच आपणही जमवू शकतो. पिसांच्या जागी पॉलिएस्टरचे भरण घ्यावे. ते पिसांहून वजनाला थोडे अधिक असते, पण ओलसर झाल्यावरही बरीच ऊब राखते. कापूस मात्र घाम शोषून थंड पडतो.

आरंभ बिनबाह्यांच्या बंडीने करावा. बाहेरून दाट विणीचे नायलॉन, आतून मऊ अस्तर, मध्ये दर चौरस मीटरला ६० ते १०० ग्रॅम वजनाचे सलग भरण आणि पुढे चेन, एवढे पुरते. आत स्वेटर मावेल असे माप घ्यावे. वस्त्र घट्ट झाले की भरण दबते आणि ऊब घटते. याच कारणाने गोधडीसारखे दाट टाके येथे घालू नयेत, कारण प्रत्येक शिवणीवर भरण चेपून थंडी आत शिरते. भरण सलग असल्याने विरळ टाकेही पुरतात. नायलॉनला टाचणीची भोके राहतात, म्हणून कपड्यांचे चिमटे लावावेत. बारीक सुई आणि थोडा लांब टाका ठेवावा. गरम इस्त्री टाळावी, नायलॉन वितळते.

घरातील जुने जॅकेट टाकून नवे घेण्याआधी त्याकडे पुन्हा एकदा पाहावे. बिघडलेली चेन बदलता येते, तोकड्या बाहीला विणीची पट्टी जोडता येते, बाजू उसवून मध्ये पट्टा घातला की थोरल्या भावाचे जॅकेट अंगाने भरलेल्या धाकट्यालाही होते. अपरिग्रहाचे व्रत असे कपाटापर्यंत पोहोचते.

पॉलिएस्टरही निर्दोष नाही. ते खनिज तेलापासून बनते आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. म्हणून असे वस्त्र मोजकेच शिवावे, क्वचित आणि हलक्या हाताने धुवावे, डागडुजी करीत वर्षानुवर्षे वापरावे. जयणा शब्दात हे सारे येते.

पुढील यात्रेला अवकाश असतानाच आजीने गोधडीचा धावदोरा आणि नातीने यंत्रावरची शिवण एकमेकींना शिकवावी. शिखरजीच्या पहाटवाऱ्यात त्या बंडीची चेन लावताना, ही ऊब कोणत्याही पक्ष्याकडून हिरावून घेतलेली नाही, एवढे समाधान सोबत असेल.