जेवलं कोण? विचारा हाडांना!

हातात भाला, समोर मॅमथ आणि आरडाओरडा करणारी टोळी! आदिमानवाच्या शिकारीचं हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. गुहांमधली हाडं मात्र याहून चटकदार किस्से सांगतात, आणि कधी कधी चित्रच उलटं करून टाकतात.

उष्टं कुणाचं?
हाडावर उमटलेला दगडी पात्याचा काप अरुंद आणि तळाशी निमुळता असतो. दाताची खूण रुंद आणि गोलसर. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दिसतो. कापावर दाताची खूण उमटलेली असेल, तर माणूस आधी जेवला आणि तरसाला उष्टं मिळालं. उलट असेल, तर उष्टं माणसाच्या वाट्याला!

नळ्यांची साठवण
इस्रायलमधली केसेम गुहा सुमारे ४ लाख ते २ लाख वर्षांपूर्वी नांदती होती. तिथले लोक हरणांच्या पायांची हाडं कातडीसकट ठेवून द्यायचे आणि आतला मगज नंतर खायचे. कातडी सोलतानाच्या कापांवरून २०१९ मध्ये संशोधकांनी हे ताडलं. प्रयोगही करून पाहिला, तर मगज नऊ आठवड्यांपर्यंत टिकला. फ्रिजविना!

सिंहाला भोसकलं
जर्मनीत सीग्सडॉर्फ इथे १९८५ मध्ये गुहासिंहाचा सांगाडा मिळाला. वय सुमारे ४८,००० वर्षं. त्याच्या बरगडीवरची खूण लाकडी भाल्याची आहे, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. भाला डावीकडून पोटात शिरून थेट उजव्या बरगडीला आतून भिडला होता. मारणारे होते निअँडरथल मानव.

एक हत्ती, अडीच हजार पानं
सिंहासारखाच हा किस्साही गुहेबाहेरचा, पण सांगायलाच हवा. जर्मनीतल्याच नॉयमार्क-नॉर्डच्या तळ्याकाठी सव्वा लाख वर्षांपूर्वी निअँडरथल सरळ सुळ्यांचे हत्ती मारत. सत्तरहून अधिक हत्तींची हाडं मिळाली, बहुतेक मोठे नर. दहा टनांच्या एका हत्तीत किमान २,५०० माणसांचं एका दिवसाचं पोट भरलं असतं.

देव की सावज?
स्वित्झर्लंडच्या द्राखेनलोख गुहेत अस्वलांच्या कवट्या सापडल्या आणि 'आदिमानव अस्वल पूजायचा' अशी आवई उठली. आज बहुतेक अभ्यासकांना वाटतं, की अस्वलं हिवाळी झोपेत आपसूक मेली आणि कवट्यांभोवतीचे दगड छतावरून पडले. शिकारीचा खणखणीत पुरावा आहे जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत. तिथे सुमारे २९,००० वर्षांपूर्वीच्या अस्वलाच्या मणक्यात गारगोटीचं टोक रुतून बसलंय.

फक्त शिंगवाल्यांना प्रवेश
माद्रिदजवळच्या देस-कुबिएर्ता गुहेत निअँडरथलांनी पस्तीस कवट्या आणून ठेवल्या. रानबैल, बायसन, हरणांचे नर, गेंडे, म्हणजे जवळपास सगळे शिंगवाले! जबडे आणि बाकीची हाडं मात्र फारशी नाहीत. तेव्हा या कवट्या खाण्यासाठी नसून मिरवण्यासाठी असाव्यात.

भिंतीवर घोडा, ताटात रेनडिअर
फ्रान्सच्या लास्को गुहेत घोड्यांची शेकडो चित्रं आहेत. पण तिथे सापडलेल्या हाडांपैकी जवळपास ९० टक्के हाडं रेनडिअरची. आणि भिंतीवर रेनडिअर किती? एकच! रोजच्या जेवणाची चित्रं कोण काढतो?

शिकारीचीच शिकार
दक्षिण आफ्रिकेच्या स्वार्टक्रान्स गुहेत माणसाच्या एका प्राचीन चुलतभावंडाची कवटी मिळाली. त्या पोराच्या कवटीत दोन भोकं होती. एकानं दुसऱ्याला हत्यारानं मारलं असेल, असं सहज वाटावं. बॉब ब्रेन या शास्त्रज्ञानं बिबट्याचा जबडा लावून पाहिला. खालचे दोन सुळे भोकांत चपखल बसले!

थोडक्यात, गुहेत हाडं सापडली म्हणजे माणसानंच शिकार केली असं नाही. कधी तो यजमान होता, कधी उष्ट्याचा धनी, तर कधी चक्क ताटातला पदार्थ. पुढच्या वेळी मटणाची नळी चोखून झाली, की टाकण्याआधी नीट निरखून पाहा. सुरीचे काप कुठले आणि तुमच्या दातांचे कुठले, हे ओळखता आलं, तर या शास्त्राचा पहिला धडा झाला म्हणून समजा.