लेखांक पाचवा : किती गेलं म्हणजे जास्त?

मनोरीहून मासळी विकायला मालाडला जायचं तर आधी मार्व्यापर्यंत फेरीबोट, मग बस; नाहीतर उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा. पाळीत तासातासाला पॅड भिजत असेल, गाठी पडत असतील, तर टोपली भरण्याआधीच कपडे कुठे बदलायचे याचा हिशेब करावा लागतो. बाजारात जागेवरून उठलं की गिऱ्हाईक जातं. अशी बाई डॉक्टरांना ‘अंगावरून फार जातंय’ सांगते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘फार म्हणजे किती?’

मागच्या आठवड्यात आपण पाळीचे दिवस मोजले. रक्त मोजणं त्याहून अवघड. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर जातं. 1960च्या दशकात स्वीडनमध्ये बायकांनी वापरलेल्या पॅडमधलं रक्त मोजलं गेलं आणि 80 मिलिलिटरची सीमा रूढ झाली. घरी हे कोण मोजणार? म्हणून 2007 मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने बाईच्या अनुभवालाच प्रमाण मानलं : शरीर, मन, कामधंदा, चारचौघांतला वावर यांत अडथळा येत असेल, तर रक्तस्राव जास्तच. मला ही व्याख्या पटते. जिला भोगावं लागतं, तिलाच ती विचारते.

80 मिलिलिटर रक्तासोबत सुमारे 40 मिलिग्रॅम लोह जातं. जेवणातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागतं, त्यातलंही बरंचसं रोजची झीज भरण्यात संपतं. मग जिना चढताना धाप, चक्कर, केसगळती, कुणाला चक्क माती खावीशी वाटते. घरचे म्हणतात, आळशी झालीय.

न विचारल्याचा परिणाम बीडमध्ये दिसला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस चुकला की खाडा, वर मुकादमाचा दंड. त्यात पाळीची रजा कुठली? 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला : पाहणीतल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. साध्या तक्रारीवर कर्करोगाची भीती घातल्याचंही अनेकींनी सांगितलं. नंतर तिथल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

वास्तविक आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी. किशोरवयापासूनच जास्त जात असेल तर रक्त गोठण्याचा दोषही तपासायचा. उपाय गोळ्यांपासून सुरू होतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घेतात (शिरेत गुठळी झाली असेल त्यांनी नाही). ते जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीच्या संशोधनातून आलं. हार्मोन सोडणारी तांबी काही वर्षं काम करते. पिशवी काढावी लागतेही, पण बहुतेकींना या पायऱ्यांनंतर; आणि तेव्हाही बीजकोश ठेवता येतात का, हे विचारून घ्यावं. ते गेले की तरुणपणीच रजोनिवृत्ती येते, हाडं लवकर ठिसूळ होतात.

पुढच्या लेखांकात गर्भाशयातल्या गाठी.