जीनोमाची पोथी : कोणत्या पट्ट्या उघडाव्या, कोणत्या झांकाव्या

संहितेची ओळ वर आणि पाठभेद खालीं, ही मांडणी आमच्या वाचकांच्या अंगवळणीं पडलेली आहे. भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलेलें व १९६६ सालीं पुरें झालेलें चिकित्सित महाभारत उघडावें, म्हणजे हीच मांडणी दिसते. संपादकानें जें छापलें तें सर्वांस सारखेंच दिसतें. एकाच्या प्रतींत पाठभेद आहेत व दुसऱ्याच्या प्रतींत नाहींत, असें होत नाहीं. जीवशास्त्रज्ञ हल्लीं जो ग्रंथ वाचतात त्याच्या बाबतींत मात्र असें नित्य होतें. त्यांतून उद्भवणारा घोटाळा हस्तलिखितांच्या संग्राहकांस अगदींच परका नसल्यामुळें त्याचा विचार येथें करीत आहों.

उदाहरण घरचेंच घेऊं, रावेर-यावलकडील केळीचें. केळीचा जीनोम, म्हणजे तिच्या पेशींतील वंशलेख, २०१२ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेली सुमारें ५२ कोटी अक्षरांची ही पोथी ११ गुणसूत्रांत, म्हणजे जणूं ११ अध्यायांत, विभागलेली असून तींत ३६,५४२ जनुकें वाचण्यांत आलीं. परंतु हा लेख जळगांवच्या केळीचा नव्हे. आमच्याकडील बसराई काय किंवा ग्रँड नैन काय, दोहोंत प्रत्येक गुणसूत्राच्या तीन प्रती असतात. वाचली गेली ती 'पहांग' नांवाच्या रानटी केळीपासून मुद्दाम सिद्ध केलेली, दोन्ही प्रती एकसारख्या असलेली वनस्पति होय. आदर्श प्रत निराळी व घरची प्रत निराळी, हा भेद पोथ्या जुळविणारास नवा नाहीं.

एवढा ग्रंथ कागदावर छापणें व्यर्थ. तो संगणकाच्या पडद्यावर जीनोम ब्राउझर नामक साधनानें वाचतात. वर संहितेची आडवी ओळ, तिच्या खालीं समांतर पट्ट्या. या पट्ट्यांस ट्रॅक म्हणतात. एका पट्टींत जनुकांच्या जागा, दुसरींत पुनरावृत्त मजकूर, तिसरींत इतर वाणांशीं पडणारे पाठभेद, अशी वांटणी असते. केळीच्या जीनोमाकरितां फ्रान्समधील संशोधकांनीं उभारलेल्या संग्रहांत पट्ट्यांची यादी दिलेली आहे. नांवापुढील चौकटींत खूण केली कीं पट्टी पडद्यावर येते, खूण काढली कीं जाते. खूण काढल्यानें नोंदी पुसल्या जात नाहींत, दिसेनाशा मात्र होतात.

सर्व पट्ट्या उघड्या टाकाव्या तर पडदा गजबजून जातो व कांहींच वाचवत नाहीं. म्हणून निवड अवश्यच आहे. आम्हीं एकदां केवळ जनुकांची पट्टी उघडून केळीच्या एका गुणसूत्राचा लांबच लांब भाग ओसाड आहे असें टिपून ठेविलें. पुढें पुनरावृत्त मजकुराची पट्टी उघडली, तों तोच भाग कांठोकांठ भरलेला! केळीच्या वंशलेखाचा जवळजवळ निम्मा भाग अशा उड्या मारणाऱ्या, पुनःपुन्हां उतरल्या गेलेल्या मजकुराचा आहे, हें आम्हांस ठाऊक असूनही डोळ्यांनीं फसविलें. लागवडीची केळ बियांवर नव्हे तर कंदांवर किंवा ऊतिसंवर्धनाच्या रोपांवर वाढते, त्यामुळें एका झाडास मारणारा मर रोग शेजारच्या हजारांसही मारूं शकतो. त्या रोगास दाद न देणारें जनुक शोधणारानें झांकलेल्या पट्टीमुळें 'येथें कांहीं नाहीं' असें लिहिलें, तर नुकसान शेतकऱ्याचें आहे.

मानवी जीनोमाचा जुळविलेला मसुदा ७ जुलै २००० रोजीं सर्वांस खुला करणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान्ताक्रूझ शाखेचा ब्राउझर या बाबतींत अधिक बारकाईचा आहे. तेथें पट्टी नुसती उघडी किंवा झांकलेली नसते, तर तिच्या पांच अवस्था असतात : अजीबात झांकलेली, सर्व नोंदी एकाच ओळींत चेपलेली, नांवें गाळून कमी उंचींत बसविलेली, नांवांसह दाटीनें मांडलेली, आणि प्रत्येक नोंदीस स्वतंत्र ओळ दिलेली. नोंदी फारच झाल्या तर ब्राउझर आपण होऊन दाट मांडणीकडे वळतो. दुसरें असें कीं, कांहीं पट्ट्या एका मोठ्या गटांत बांधलेल्या असतात. गट झांकलेला असेल तर आंतील पट्टी 'उघडी' ठेवूनही दिसत नाहीं. दप्तराचा रुमाल न सोडतां आंतला कागद उलगडल्यासारखेंच तें आहे.

महाभारताचा श्लोक उद्धृत करतांना आपण आवृत्ति, पर्व, अध्याय व श्लोकांक देतों. जीनोमाच्या बाबतींत आवृत्ति, गुणसूत्र व स्थान एवढें देऊन भागत नाहीं. केळीच्याच लेखाच्या सुधारलेल्या आवृत्ति २०१६ व २०२१ सालीं निघाल्या, त्यामुळें जुना स्थानांक नव्या आवृत्तींत त्याच जागीं सांपडेलच असें नाहीं. त्यांतून, 'सांपडलें नाहीं' असें लिहावयाचें असेल तर कोणत्या पट्ट्या कोणत्या अवस्थेंत उघड्या होत्या व तारीख कोणती, हें सोबत द्यावें. सान्ताक्रूझच्या साधनांत सारी मांडणी नांव देऊन जतन करितां येते व तिचा दुवा दुसऱ्यास पाठवितां येतो. तो उघडला म्हणजे आपल्या पडद्यावर जें होतें व जें नव्हतें, तें त्यासही जसेंच्या तसें दिसतें.