नकार नक्की कोण देतंय?

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्या सुमारास सांगलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी यायला लागली : "ताई, नवीन विंडोज टाकलं आणि सगळं रीड-ओन्ली झालं हो." लग्नपत्रिका करणारे, वकिलांकडचे टायपिस्ट, पतसंस्थेतले क्लार्क, निवृत्त शिक्षक. फाईल दिसते, कधी उघडतेही. पण दुरुस्ती करून सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही म्हणते. काहींचे तर फोल्डरच उघडत नाहीत. मग भीतीपोटी कुणी डिस्क फॉरमॅट करतं, कुणी कुठेतरी वाचलेली आज्ञा अख्ख्या सी ड्राइव्हवर चालवतं. मूळ दुखण्यापेक्षा या उपचारांनी झालेलं नुकसान मी जास्त पाहिलंय. म्हणून मी पहिल्यांदा एकच विचारते : नकार नक्की कोण देतंय? कारण संदेश सारखे दिसले तरी नकार देणारे वेगवेगळे असतात.

एक गैरसमज आधीच बाजूला काढते. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की 'रीड-ओन्ली'च्या चौकटीत एक भरलेला छोटा चौकोन दिसतो. लोक तो काढतात, 'अप्लाय' करतात, पुन्हा उघडतात, चौकोन तिथेच. इथे संध्याकाळ घालवू नका. ती चौकट फोल्डरच्या आतल्या फाईलींसाठी आहे आणि तो चौकोन जवळपास प्रत्येक फोल्डरवर असतो. त्याच्यामुळे तुमचं काम अडलेलं नसतं. एकट्या फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र खरी टिक दिसली, तर ती काढा. तेवढ्यानेच मोकळी होणारी फाईलही असते.

बहुतेकांचा खरा अडथळा मालकीचा असतो. लग्नपत्रिकेचं काम करणारे एक काका आले होते. त्यांच्या मशीनचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नव्हता, म्हणून त्यांनी नवीन मशीन घेतलं आणि जुनी हार्ड डिस्क केसमध्ये घालून यूएसबीने जोडली. डी ड्राइव्हवरचे पत्रिकांचे फोल्डर लगेच उघडले. जुन्या डेस्कटॉपवरचे आणि डॉक्युमेंट्समधले उघडेनात. "डिस्क एकच, माणूस मीच, नावही तेच टाकलंय, मग असं का?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. खातं तयार होताना त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो, एस-१-५-२१ने सुरू होणारा, आणि फाईलवर मालक म्हणून तोच क्रमांक कोरला जातो. जुन्या विंडोजवरच अपग्रेड चढवलं तर क्रमांक सहसा तोच राहतो आणि फाईलींना काही कळतही नाही. पण डिस्क पुसून नव्याने विंडोज टाकलं, किंवा मशीनच बदललं, की तेच नाव दिलं तरी क्रमांक नवा. आपल्याकडे या सगळ्यालाच 'नवीन विंडोज टाकलं' म्हणतात, त्यामुळे काय झालंय हे मला नेहमी दोनदा विचारावं लागतं. फोल्डरच्या 'सिक्युरिटी' पानावर नावाऐवजी प्रश्नचिन्ह असलेलं चित्र आणि तो लांब क्रमांक दिसला, तर निदान झालं : जुना मालक आता या मशीनला माहीत नाही.

डी ड्राइव्हवर नेहमीच्या मांडणीत लॉगिन केलेल्या कुणालाही लिहायची मुभा असते, म्हणून पत्रिका उघडल्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे एका माणसाचे खासगी कप्पे. तिथे तो माणूस, खुद्द सिस्टीम आणि ॲडमिनिस्ट्रेटर गट यांनाच प्रवेश. या गटाचा क्रमांक मात्र प्रत्येक मशीनवर सारखाच असतो. म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' विचारतात, तिथे होकार दिला की बरेचदा काम होतं. मोठा फोल्डर असेल तर वेळ लागतो. मध्येच बंद करू नका.

तेवढ्यानं नाही झालं, तर सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, मग ओनरसमोरचं 'चेंज'. तिथे आपलं खातं द्यायचं आणि आतल्या सगळ्या फाईलींचा मालक बदलण्याची चौकट टिक करायची. इथे पुष्कळजण थांबतात आणि अजून उघडत नाही म्हणून वैतागतात. मालकी आणि वापर वेगळे आहेत : सातबाऱ्यावर नाव लागलं तरी जमीन कसायला दुसऱ्याकडे असू शकते, तसंच. मालक झाल्यावर परवानग्या बदलायचा हक्क मिळतो, वाचायचा-लिहायचा आपोआप नाही. तेव्हा सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा सिक्युरिटीत यायचं आणि स्वतःला 'मॉडिफाय' द्यायचं.

'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकण्याचा सोपा रस्ता मी कुणालाच सुचवत नाही. पतसंस्थेच्या मशीनवर तसं केलं, तर समोर बसणारा कुणीही, आणि त्याच्या हातून घुसलेला कुठलाही खंडणीखोर प्रोग्राम, सभासदांच्या खात्यांवर लिहू शकतो. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरची मालकी तर बदलूच नये. पुढचे अपडेट अडकायला लागतात. हक्क फक्त आपल्या डेटाच्या फोल्डरपुरते घ्यावेत.

एक बारकावा फार कामाला येतो. एकाच ड्राइव्हवर फाईल कट-पेस्ट केली तर ती जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. म्हणून जुन्या फोल्डरमधून आणताना कॉपीच करा. या परवानग्या एनटीएफएस या मांडणीच्या आहेत, जी १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. पेन ड्राइव्हवर सहसा दिसणाऱ्या फॅट३२मध्ये मालक ही कल्पनाच नाही, म्हणून तिथून आलेली फाईल निमूट उघडते.

पतसंस्थांकडचे जुने हिशेबाचे प्रोग्राम हे निराळं प्रकरण. ते आपला डेटा प्रोग्राम फाईल्समध्येच ठेवायचे. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज तिथे सहजासहजी लिहू देत नाही. अशा जुन्या ३२-बिट प्रोग्रामचं लिखाण विंडोज गुपचूप त्या माणसाच्या ॲपडेटामधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरकडे वळवते. नवीन मशीनवर फक्त प्रोग्रामचा फोल्डर उचलून आणला, तर जुन्या नोंदी दिसतात आणि अलीकडच्या नाहीत. क्लार्कताईंचा चेहरा तेव्हा पांढरा पडतो. नोंदी जुन्या डिस्कवर, त्या खात्याच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये असतात. आधी तिथे बघा.

फाईल उघडते पण एकाच प्रोग्राममधून सेव्ह होत नाही, असं असेल तर विंडोज सिक्युरिटीतलं 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' पाहा. 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय २०१७पासून आहे. मुळात ती बंद असते, पण कुणी चालू केली असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही. ती बंद करू नका, आपला प्रोग्राम तिथल्या यादीत घाला. आणि ईमेलवरून आलेली वर्डची फाईल पिवळी पट्टी दाखवत असेल, तर पाठवणारा ओळखीचा आहे याची खात्री करून 'एनेबल एडिटिंग' दाबा. बस्स.

दोन नकार मात्र परवानगीच्या पलीकडचे. फाईलच्या चिन्हावर छोटं कुलूप दिसत असेल तर ती कूटबद्ध केलेली असू शकते. मालकी घेऊनही ती उघडणार नाही, कारण किल्ली जुन्या खात्यात असते. म्हणून डिस्क पुसण्याआधी त्या खात्यातून ती किल्ली असलेलं प्रमाणपत्र निर्यात करून घ्या. अख्खा ड्राइव्ह कूटबद्ध करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. जुन्या विंडोजवर अपग्रेड केलं असेल, तर मागे राहिलेला 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर सहसा १० दिवसांनी आपोआप जातो. त्यातलं हवं ते त्याआधी काढा.

दुसरा नकार डिस्कचा स्वतःचा. काही एसएसडी आयुष्याच्या शेवटी लिहून घेणं थांबवतात आणि फक्त वाचू देतात. वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, वेगवेगळ्या प्रोग्राममधून लिहायला नकार येतोय, मशीन मधूनच गोठतंय, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या नावाने लाल खुणा साचल्यात, असं दिसलं तर मालकी-परवानग्यांना हात लावू नका. एकेका फाईलवर नवे हक्क लिहिणं हेही डिस्कवर लिहिणंच असतं. जे वाचता येतंय ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला घ्या, आणि पुन्हा मिळणार नाही असा फोल्डर सगळ्यात आधी.